कोपराने पारखलेले पाणी

पुष्कळ वर्षांपूर्वी, आपल्या पणजीच्या पणजीलाही जो काळ केवळ ऐकून ठाऊक होता अशा काळी, बर्फाच्या डोंगरांत एक लहानसे राज्य होते. राज्य लहान असले तरी त्याची न्यायसभा मोठी होती, आणि सभेहूनही मोठी होती तिच्या खिडकीची कीर्ती. बेचाळीस काचांची ती खिडकी पूर्वेच्या भिंतीत जोत्यापासून आढ्यापर्यंत उभी होती. तिची एकेक काच गवतात गुंडाळून, खेचराच्या पाठीवरून, सात घाट ओलांडून आणलेली होती.

त्या राज्याचा एक नियम होता. खटला पुकारला गेला, की न्यायाधीशांपुढे एक तबक येई. त्यात काळे तीळ आणि मोहरी यांची मिसळ असे. खिडकीच्या उजेडात न्यायाधीश त्यातून दहा तीळ आणि मोहरीचे दहा दाणे वेगळे काढीत. एक दाणा जरी चुकला, तरी सभा त्या दिवसापुरती उठे. दिवा लावण्याची परवानगी नव्हती, कारण दिव्याजवळ चेहरा निराळा दिसतो. ज्याला तीळ आणि मोहरी यांतला फरक दिसत नाही, त्याने माणसाचा निवाडा करू नये, असे त्या राज्याच्या पहिल्या राजाने ठरवून दिले होते.

खिडकी धुण्याचे काम एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्या घरात आता दोघीच उरल्या होत्या, सासू आणि सून. त्या वर्षी सासूचे गुडघे आणि बोटे सांध्यांत आखडली, आणि नव्या सुनेला ते काम अजून शिकवले गेले नव्हते, त्यामुळे शरद ऋतूतली धुलाई राहून गेली. थंडी मात्र वेळेआधीच आली. सभेत ऊब राहावी म्हणून देवदाराची लाकडे जळू लागली. त्यांच्या राळेचा चिकट धूर काचांवर थरावर थर बसत गेला. तबकातले दाणे सगळे सारखेच दिसू लागले. नऊ दिवस सभा रोज भरली आणि रोज उठली.

इतरांना हे नऊ दिवस केवळ कंटाळवाणे होते. सुनेला मात्र त्यांतली एकेक घटका जड जात होती, कारण ज्याचा खटला अडला होता, तो तिचा धाकटा भाऊ होता.

राजाच्या मेंढवाड्याचे दार कोणीतरी पहाटे उघडे टाकले होते, आणि बिबट्याने बारा मेंढ्या फाडल्या होत्या. कांबळे पांघरलेला एक माणूस पहारेकऱ्याला धक्का देऊन पळाला होता. त्याच सकाळी, तसलेच कांबळे पांघरून, हा भाऊ खालच्या खोऱ्यातून बहिणीला भेटायला आला आणि वेशीवरच पकडला गेला. आता तो दगडी कोठडीत होता, आणि त्याचा खोकला दिवसेंदिवस खोल जात होता. सून सातूची भाकरी घेऊन गेली, की तो एवढेच विचारी, "अक्का, खिडकी कधी धुणार?"

सुनेने सासूला तेच विचारले. सासू म्हणाली, की दोन दिवस लागतील. आधी काचेला आतून निखाऱ्यांची ऊब द्यायची आणि मगच पाण्याला हात लावायचा. सून खोऱ्यातल्या गरम गावाची. तिच्या माहेरी खिडक्यांना लाकडी गज होते, काच नव्हती. तिला ठाऊक होती ती भांडी. तुपाने माखलेले पातेले उकळत्या पाण्याने क्षणात निघते, मग राळेने माखलेली काच का निघू नये? सासूबाईंचा भाऊ थोडाच आत आहे, असा एक कडू विचारही तिच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, सासूला न सांगता, ती एकटीच सभेच्या अंगणात गेली. तिने चुलीवर हंडा उकळला, रिकाम्या सभेत आतून शिडी लावली, आणि गोठलेल्या काचांच्या सर्वांत वरच्या ओळीवर वाफाळती तपेली ओतली.

ऊस कडकन मोडावा तसा आवाज झाला. मग आणखी एक. मग तिसरा.

तीन काचांतून बर्फाचा वारा सभेत शिरला. दारावरचा म्हातारा दरवान धावत आला, वर पाहत राहिला, आणि त्याने विचारले, की बाई, काच धुवायला आली होतीस की बटाटे उकडायला? सुतारांनी तिन्ही भोकांवर फळ्या ठोकल्या. सभेत पहिल्याहून अधिक अंधार झाला. कारभाऱ्यांनी हुकूम दिला, की वैशाखात घाट मोकळे होऊन नव्या काचा येईपर्यंत खिडकीला कोणी हात लावू नये, आणि तोवर सर्व खटले थांबावेत. वैशाखाला पाच महिने होते. तो खोकला घेऊन पाच महिने कोठडीत काढणे भावाला शक्य नव्हते, हे सुनेला कळत होते.

ती घरी आली, तेव्हा तिची बोटे बर्फाने पांढरी पडली होती. उंबऱ्यातच उभी राहून तिने सगळे सांगितले. काहीही लपवले नाही आणि काहीही कमी करून सांगितले नाही. मग मान खाली घालून ती बोलणी खाण्याची वाट पाहू लागली.

सासूने तिला चुलीपाशी बसवले आणि तीन वाडगी मांडली. पहिल्यात गारठा गेलेले पाणी, दुसऱ्यात कोमट, तिसऱ्यात ऊन. प्रत्येकात तिने आपले कोपर बुडवून पाहिले. मग सुनेचे हात पहिल्या वाडग्यात ठेवले.

"हे हात एकदम उकळत्या पाण्यात घातले असते, तर काय झाले असते?"

"कातडी सोलवटली असती, सासूबाई."

"मग काचेने निराळे काय करावे?" सासू म्हणाली. "तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना पाणी कोपराने पाहतो. बोटांना सवय झालेली असते, ती खोटे सांगतात. कोपर खोटे सांगत नाही."

हात दुसऱ्या वाडग्यात गेले, मग तिसऱ्यात. बोटांत हळूहळू रक्त परतले. तेव्हा सासू म्हणाली, "खालच्या ओळीतली कोपऱ्यातली काच इतरांहून हिरवट का, हे तू मला कधी विचारले नाहीस. ती नंतर बसवलेली आहे. त्या वर्षी मी या घरात नवी सून होते." एवढे बोलून तिने पदर खोचला. "चल. मला पाठुंगळी घे. न्यायाधीशांकडे जायचे आहे."

सुनेने सासूला पाठीवर घेतले आणि गुडघाभर बर्फातून ती चालू लागली. न्यायाधीश दयाळू होते, पण पोळलेलेही होते. उरलेल्या एकोणचाळीस काचाही फुटल्या तर काय करायचे, असे त्यांनी विचारले.

"तर उजेड अधिकच येईल, महाराज," सासू सुनेच्या पाठीवरूनच म्हणाली. "फक्त त्याच्याबरोबर बर्फही येईल. दोन दिवस द्या."

न्यायाधीशांना हसू आवरले नाही. कारभाऱ्यांचा हुकूम बाजूला ठेवून त्यांनी दोन दिवस दिले.

पहिला दिवस दोघींनी पाण्याला हात न लावता काढला. सुनेने देवदाराची लाकडे विझवली आणि खिडकीपासून चार हातांवर बिनधुराच्या निखाऱ्यांच्या शेगड्या ठेवल्या. त्या दिवसभर तिने थोड्या थोड्या पुढे सरकवल्या. भाऊ आत खोकत होता, आणि ही शेगड्या बोटाबोटाने सरकवीत होती. वाट पाहणे किती कठीण काम आहे, हे तिला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी ऊन काचेवर आल्यावर सुनेने गारठा गेलेल्या पाण्याचा हात फिरवला, मग कोमट पाण्याचा. सासू खाली बसून प्रत्येक बादलीत कोपर घालीत होती आणि मान हलवीत होती. शेवटी रिठ्याचा फेस घातलेले ऊन पाणी वर गेले. राळ आधी मऊ झाली, मग सैल झाली, आणि मग पिवळ्या ओघळांनी खाली उतरू लागली. काच पुन्हा गोठण्याआधी सून ती जुन्या सुती धोतराने कोरडी करीत होती. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस काचा स्वच्छ झाल्या. त्यांतल्या एकीवरही ओरखडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. तबक आले. न्यायाधीशांनी दहा तीळ आणि मोहरीचे दहा दाणे वेगळे काढले, ते उन्हात धरून पाहिले, आणि खटला चालू करण्यास सांगितले.

भावाला उजेडात उभे केले. पहारेकरी त्याच्यासमोर आला आणि त्याचा चेहरा निरखू लागला. मग तो हळूच म्हणाला, "महाराज, हा तो नव्हे. मला धक्का देणाऱ्याच्या भुवईत जुन्या जखमेची भेग होती. याच्या दोन्ही भुवया अखंड आहेत."

"बारा दिवसांपूर्वी, काचा मळलेल्या असताना विचारले असते, तर?"

पहारेकऱ्याने मान खाली घातली. "कांबळे पाहून हाच म्हटले असते."

भाऊ त्याच दुपारी मोकळा झाला. घरी नेल्यावर सुनेने त्याच्या हातात कढत काढा दिला नाही. तिने वाडग्याला कोपर लावून पाहिले, फुंकर घातली आणि मगच तो त्याच्या ओठांशी नेला.

वैशाखात घाट मोकळे झाले आणि तीन नव्या काचा आल्या. त्याही इतरांहून थोड्या हिरवट होत्या. पुढे अनेक वर्षांनी त्या घरात नवी सून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला खिडकीपाशी नेऊन त्या चारही काचा दाखवण्यात आल्या आणि कोणती कोणी फोडली, हेही सांगण्यात आले.

तात्पर्य : काच असो वा माणूस, ज्याला उजळायचे आहे त्याला सोसेल एवढीच ऊब द्यावी, आणि तीही हळूहळू द्यावी.