दगडी म्हशीची पाठ

दगडांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. घरांचे नकाशे काढणाऱ्या हेमांगीबाईंच्या अंगणात एक काळी दगडी म्हैस बसलेली असे. समोरून ती आरशासारखी गुळगुळीत होती. पाठ मात्र भिंतीकडे होती. ‘ती कोण बघायला जातंय?’ म्हणून पाथरवटाने खडबडीतच ठेवलेली. म्हशीला त्याची भारी लाज वाटे.

एकदा तिच्या पायाशी गोकर्णीची कोवळी वेल उगवली. समोरून चढायला गेली, ती घसरून पडली.

“मागून ये,” म्हैस ओशाळून म्हणाली. “तिथे धरायला जागा आहे.”

टाकीच्या एकेका घावात बोट रोवत वेल चढली आणि पाठभर निळी फुलं फुलली.

पुढे बाईंनी ती भिंत पाडून मागे नवी खोली काढायची ठरवली. “आता पाठही दिसणार, तेवढी घोटून द्या,” त्यांनी पाथरवटाला सांगितलं.

वेलीने ते ऐकलं. “हेच हवं होतं ना तुला? मी हात सोडते.”

“सोडून तर बघ!” म्हैस गुरगुरली.

भिंत पडली. पाथरवटाने टाकी उचलली.

“दादा, थांबा,” म्हैस म्हणाली. “लाज वाटत होती, तेव्हा तशीच ठेवलीत. आता वाटत नाही, तर घासायला आलात होय?”

हेमांगीबाई वळसा घालून मागे आल्या आणि बघतच राहिल्या. त्यांनी पाथरवटाच्या हातातली टाकी हळूच काढून घेतली.

पाहुण्यांना त्या म्हैस समोरूनच दाखवत. स्वतःचा चहा मात्र मागच्या नव्या खोलीच्या खिडकीत बसून घेत.