तक्त्याची कोरी बाजू

एकदा एका बाजारपेठेच्या गावात, कापडाचे एक वृद्ध व्यापारी डोकं दुखतं म्हणून चष्मेवाल्या आजोबांकडे आले. या व्यापाऱ्याच्या नजरेची ख्याती मोठी. कापड डोळ्यांजवळ धरून ते त्यातला तुटलेला धागा क्षणात शोधत. चार वर्षांपूर्वी पत्नी गेल्यापासून मात्र ते एकटेच राहत, एकटेच चालत आणि वाटेत कोणाच्या नमस्काराला उत्तर देत नसत.

आजोबांची शिष्या त्यांना बसवून आतल्या खोलीत आली आणि पुटपुटली, "हेच ते शेटजी. चौकात मी रोज हात जोडते, पण हे मानसुद्धा हलवत नाहीत. बायको होती तोवर माणसांत होते म्हणे."

"आधी डोळे तपास," आजोबा म्हणाले. "माणूस नंतर तपासू."

ती काचांची पेटी घेऊन बाहेर आली तेव्हा शेटजी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला नाक लावून उभे होते. तिला पाहून ते लगबगीने खुर्चीत जाऊन बसले. मग त्यांनी सगळ्या ओळी, अगदी बारीक अक्षरांपर्यंत, न अडखळता वाचल्या.

"नजर उत्तम आहे," शिष्या म्हणाली.

"झालं तर," शेटजी उठू लागले. "शनिवारी गाव सोडतोय. भाच्याकडे राहीन. इथं आता माझं कोण आहे?"

आजोबांनी तक्ता खाली काढला, फडक्याने पुसला आणि उलटा टांगला. कोरी पांढरी बाजू समोर आली. शिष्येला काही उमजेना.

"शेटजी, शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचता?"

"भ, ग, त, र, प," शेटजी म्हणाले.

शिष्येला हसू फुटणार होतं. आजोबांचा चेहरा पाहून ते आतल्या आत विरलं.

"तक्ता कोरा आहे, शेटजी."

शेटजी पुन्हा खुर्चीत टेकले. मग हळूच म्हणाले, "लांबचं मला कधीच नीट दिसलं नाही. कापडवाल्याचे डोळे अधू म्हटल्यावर गिऱ्हाईक येईल का हो? बायको बरोबर असायची. कोपराने ढोसायची, 'अहो, समोरून तांबटमामा येतायत, हात करा.' मी करायचो. ती गेली आणि लोक बोलेनासे झाले. तेव्हा कळलं, सगळे तिच्यासाठीच थांबत होते."

आजोबांनी त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट बसवली आणि उघड्या दारातून चौकाकडे बघायला सांगितलं. "ही बरी, की ही?" असं विचारत एकेक काच बदलली. एका काचेपाशी शेटजी खुर्चीतून अर्धवट उठले. आजोबांनी त्यांना हाताला धरून दाराशी नेलं.

चौकापलीकडे तांबटमामा आपल्या दुकानात बसले होते. शेटजींनी हात वर केला. मामांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"काय शेट!" ते तिथूनच ओरडले. "चार वर्षांनी ओळख पटली होय?"

शेटजी ती जड चौकट नाकावर ठेवूनच चौक ओलांडून गेले. शनिवारचं नावही त्यांनी काढलं नाही.

"तुम्हाला कसं कळलं?" शिष्येने खाली मान घालून विचारलं.

"पोरी, वाचणारा कुठेतरी अडखळतो. पाठ म्हणणारा अडखळत नाही. लांबचं चित्र त्यांच्या डोळ्यात मागच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधीच जुळायचं. मधे पातळ, कडेला जाड अशी काच त्याला मागे पडद्यावर नेऊन ठेवते. काचेचं काम एवढंच. पण त्यांना आपण दिसत नव्हतो, आणि त्यांना दिसत नाही हे आपल्याला दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, आपण नकोसे झालो. गावाला वाटलं, म्हातारा माजला."

शिष्येने तक्ता सुलटा केला आणि कितीतरी वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली.

आपल्याला पाहून न पाहिल्यासारखं करणाऱ्यांची यादी प्रत्येकाकडे असते, माझी तर बरीच लांब आहे. त्यातल्या किती जणांचं कोपराने ढोसणारं माणूस हरवलंय, हे मी अजून विचारलेलं नाही.