गोमुखाजवळचा हत्ती

एकशे आठ हत्तींपैकी एकशे सात हत्ती एका दिशेनं चालले होते आणि एक उलटा. तो एक माझा होता.

मी सटवा पाथरवट. शंकराच्या नव्या देवळावर आम्ही चाळीसजण बारा वर्षं राबत होतो. चांगल्या हातांना सुरसुंदऱ्या, खांबांवरची वेलबुट्टी, उंबरठ्यावरचं कीर्तिमुख. मलाही एकदा सुरसुंदरी दिली होती. तिनं हातातल्या आरशात बघायचं होतं. झाली तेव्हा ती स्वतःलाच बघून दचकलेली दिसत होती. मग मला सिंह दिला. तो पाहून गावातलं मांजर त्याच्याशेजारी येऊन झोपू लागलं. शेवटी देवळाचं सगळं काम बघणारे स्थपती म्हणाले, याला तळाच्या ओळीतला एक हत्ती द्या, खाली कोण वाकून बघतंय.

हत्तीचा खाका कापडावर तयार होता. कापड दगडावर टाकायचं, गेरूनं रेघ ओढायची आणि कोरत जायचं, एवढंच काम. मी कापड उलटं टाकलं. दगड बसला, त्यावर भिंत चढली. वरचे दगड चढवायला भोवती मातीची चढण केली होती, तिच्याखाली सगळे हत्ती गाडले गेले. काम संपून माती उपसली तेव्हा कळलं की माझा हत्ती मागच्याच्या सोंडेला सोंड लावून उभा आहे.

आमचे भोगदेव महाराज खाली वाकून बघणारे निघाले. देवळाच्या भिंतींच्या कडेनं बघत आले आणि म्हणाले, "हा हत्ती वळवा."

स्थपतींनी हात जोडून सांगितलं की भिंतीत चुना नाही, दगडाला दगड धरून आहे. तळचा एक काढला तर शिखर खाली येईल. महाराज म्हणाले, मग दगड काढू नका. स्थपती म्हणाले, नव्यानं कोरायला दगडात जाडी उरलेली नाही. महाराज म्हणाले, मग कोरू नका. लेप लावून झाकायचंही नाही. पण सोमवारी शिखरावर कळस चढण्याआधी हत्ती सरळ झाला पाहिजे. नाहीतर ज्यानं तो केला त्याच्या हातातली छिन्नी काढून घ्यायची, जन्मभर दगडाला हात लावू द्यायचा नाही.

दगडाचं भलं होईल, असं कुणीतरी मागं पुटपुटलं. मीही हसलो. घरी आलो आणि ढसाढसा रडलो. मला दुसरं काही येत नाही. हेही येत नाही असं म्हणणारे पुष्कळ होते, पण सकाळी छिन्नी हातात घेतली की मी कुणीतरी असतो. ती गेल्यावर मी कोण?

माझी बायको गोजरा छिन्न्या तापवायच्या भट्टीवर भाता ओढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, तो हत्ती नेमका कुठं बसलाय?"

मी सांगितलं, उत्तरेच्या भिंतीला. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, त्या गोमुखाच्या अगदी अलीकडे. हे ऐकून ती इतकी हसली की भाता हातातून सुटला. का हसतेस म्हटलं तर सांगेना. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणाली. सोमवारी फक्त गप्प उभं राहायचं, एवढं काम मला दिलं.

सोमवारी महाराज आले. "वळला का हत्ती?"

गोजरा पुढं झाली. "वळलाय, महाराज. पण का वळलाय ते लांबून दिसायचं नाही. आधी देवाची प्रदक्षिणा होऊ द्या, मग आम्हाला काय ती शिक्षा करा."

देवाचं नाव आल्यावर महाराजांना नाही म्हणता येईना. नंदीला हात लावून ते निघाले, हत्ती चालले होते त्याच दिशेनं. मागं प्रधान, त्यांच्यामागं सगळा दरबार. दक्षिणेची भिंत झाली, पश्चिमेची झाली, उत्तरेला वळले. गोमुखापाशी महाराज थांबले, नमस्कार केला आणि नेहमीच्या सवयीनं मागं फिरले. प्रधान इतके जवळ होते की नाकाला नाक लागता लागता राहिलं.

"महाराज, पुढं चला ना," गोजरा म्हणाली.

"पुढं कसं जाऊ? शंकराचं गोमुख ओलांडत नाहीत. इथून मागंच फिरायचं असतं."

"हत्तीही तेच म्हणतोय."

महाराजांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायाशी माझा हत्ती, त्यांच्याच दिशेला तोंड करून. समोर सोंडेला सोंड लावून मागचा हत्ती, आणि त्याच्या वर प्रधान.

पण महाराज हट्टी. "आणि गोमुखाच्या पलीकडचे? ते तर सरळ चाललेत."

"ते पलीकडूनच दाराकडे निघालेत. त्यांनी कुठं काय ओलांडलंय? गोमुखापाशी पोचलेला हा एकटाच. याला सरळ करायचा असेल तर आधी महाराजांनी पुढं पाऊल टाकावं. तो येईल मागोमाग."

महाराजांनी पाय उचलला नाही. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते भिंतीला हात टेकून हसायला लागले. हसता हसता मला म्हणाले, "काय रे, हा सगळा विचार तू आधीच केला होतास?"

गप्प राहायचं एकच काम होतं, तेही जमलं नाही. "नाही महाराज, मी कापड उलटं टाकलं होतं."

गोजरानं कपाळावर हात मारला. महाराज मात्र आता हसत खालीच बसले. डोळे पुसून त्यांनी अंगावरची शाल गोजराच्या खांद्यावर घातली, हातातलं सोन्याचं कडं तिला दिलं आणि हुकूम केला, "सटवाची छिन्नी सटवाकडेच राहील. पण यापुढं खाका या बाईनं धरायचा."

तेव्हापासून ती कापड धरते आणि मी कोरतो. आमचे हत्ती आता सगळे नीट चालतात. सिंहाशेजारी मांजर अजून झोपतं.