अठ्ठावीस ग्रॅमचा पेला

“…मग यातला कोणता नेऊ, बुवा?”

शलाकाने चार पेले देवळाच्या पायरीवर ओळीने मांडले होते. प्रश्न तिनेच विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबायची तिची तयारी नव्हती.

“थांबा, आधी मी सांगते. हा स्टीलचा. एकशे दहा ग्रॅम. बाद! हा इनॅमलचा, दिसायला गोड, पण एकशे तीस. बाद!”

धाकूबुवा चुलीवर कोरा चहा उकळत होते. म्हणाले, “बाद करायचे होते तर आणलेस कशाला?”

“तुलना नको का करायला?”

“हां. ती पाहिजे.”

आता ही शलाका कोण, तर पुण्याची. चौतीस वर्षांची, एका कंपनीत कामाला, आणि डोंगराचं भयंकर वेड. त्यातही वेड वजनाचं. पाठीवरची सॅक हलकी झाली पाहिजे, बस! दात घासायच्या ब्रशची दांडी तिने अर्धी तोडली होती. शर्टांची लेबलं उसवली होती. नकाशाच्या कडेची पांढरी पट्टीसुद्धा कातरून टाकली होती बाईने! आणि हे सगळं मोजायला खिशात एक छोटा वजनकाटा. त्याचं वजन किती, ते मात्र तिने कधी केलं नव्हतं.

आणि बुवा?

घाटाच्या पायथ्याला वाघजाईचं लहानसं देऊळ. तिथे बुवा राहत. पंचाहत्तरी उलटलेली. देवळामागून एक जुनी पायवाट वर पठारावर जाते, आणि त्या वाटेवर कातळात कोरलेली पाण्याची सात टाकी आहेत. होळी झाली की बुवा ती वाट चढत आणि टाक्यांत पडलेला पाचोळा काढत. वर्षातून एकदाच. सोबतीला एकच माणूस घेत.

दोन वर्षांपूर्वी शलाकाने त्यांना त्या वाटेवर पहिल्यांदा पाहिलं. हातात काठी, खांद्यावर पंचा. ना बाटली, ना पेला, ना पिशवी. भर उन्हात, जाऊन येऊन चौदा किलोमीटर! ती बघतच राहिली. हलकं चालावं तर असं! त्याच क्षणी तिने बुवांना गुरू करून टाकलं. बुवांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

दोन वर्षं ती मागे लागली होती. मला न्या. दोन्ही वर्षी बुवा नाही म्हणाले.

यंदा मात्र ते आपण होऊन बोलले. “पाणी प्यायचं भांडं घेऊन ये. जड नको. मग बघू.”

मग बघू! एवढ्या दोन शब्दांवर शलाका महिनाभर हवेत होती.

“आता हा बघा, हा!” तिने तिसरा पेला उचलला. “सिलिकॉनचा. घडी होते याची. दाबला की चपटा… आणि ओढला की टप्! उभा!”

“अरे वा!” बुवांचे डोळे चमकले. “पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. मग बुवांनी स्वतः केलं. टप्! मग आणखी दोनदा. टप्! टप्! मग त्यांनी त्यात चहा ओतला आणि पेला धरायला गेले, तशी त्याने अंग चोरलं आणि चहा सगळा धोतरावर.

“अगं आई गं! भाजलं का बुवा?”

“नाही. पण याला चहा आवडत नाही.” त्यांनी तो अलगद बाजूला ठेवला. “चौथा?”

शलाका ताठ बसली. याच क्षणासाठी ती आली होती.

“टायटॅनियम,” ती हळूच म्हणाली. “विमानांत वापरतात तो धातू. घेतला तेव्हा बत्तीस ग्रॅम होता. आता अठ्ठावीस.”

“आता कसा?”

“कान कापला त्याचा. धरायचा कान. चार ग्रॅम वाचले!”

बुवांनी पेला निरखला. कान होता तिथे दोन टिंबं उरली होती. त्यांनी त्यात चहा ओतला आणि तिच्यापुढे केला. तिने धरला, आणि चटका बसून लगेच खाली ठेवला. मग खिशातून रुमाल काढला आणि पेल्याभोवती गुंडाळला.

“रुमाल किती?” बुवांनी विचारलं.

“…अठरा.”

“हां.”

तिला स्वतःलाच हसू फुटलं. बुवाही हसले. चहा मात्र झकास होता, गवती चहा घातलेला.

“आणि पाणी किती नेतेस?”

“तीन लिटर.”

“त्याचं वजन केलंस?”

तीन लिटर म्हणजे तीन हजार ग्रॅम. हिशेब तिला येत होता. कानाचे चार ग्रॅम तिने किती हौसेने कापले होते…

“पण पाणी तर लागतंच ना, बुवा! तुम्हाला नाही का लागत? दोन वर्षं विचारतेय मी. तुम्ही पाणी नेत नाही, पेला नेत नाही. मग तहान लागली की काय करता?”

“पितो.”

“कशाने?”

बुवांनी मान वळवून वाटेकडे पाहिलं, आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

झालं! यापलीकडे ते कधीच सांगत नसत. शलाकाला वाटायचं, काहीतरी साधना असणार. आज मात्र तिच्याकडे एक हुकमाचं पान होतं. ते बघून बुवा नाही म्हणूच शकणार नाहीत, अशी तिची खात्री होती.

“बुवा, डोळे मिटा.”

“का?”

“मिटा तरी!”

बुवांनी मिटले. शलाकाने सॅकमागून एक भलीमोठी पिशवी ओढत आणली आणि पायरीवर उपडी केली.

“उघडा! काल मी एकटीच जाऊन आले वर. अख्खी वाट! सातही टाकी! आपण जाऊ तेव्हा एक कागद दिसायला नको म्हणून सगळा कचरा वेचून आणला. ही वेफर्सची पाकिटं. या बाटल्या. हा कुणाचा तरी बूट, एकच! आणि या तर बघाच…”

पिशवीच्या तळातून करवंट्या घरंगळत आल्या. नारळाच्या चांगल्या मोठ्या करवंट्या, काठाला भोक पाडलेल्या, प्रत्येकीला दोरीचा तुटका शेंडा.

“टाक्याटाक्याला एकेक! शेजारच्या झुडपाला टांगलेली. कोण करतं हो असले उद्योग? नारळ फोडायचा, खोबरं खायचं आणि करवंटी टांगून मोकळं! आणि गाठ अशी आवळलेली की सुटेना. मी सरळ चाकूने कापली.”

बुवांनी एक करवंटी उचलली. तिच्या काठावरून अंगठा फिरवला. काठ गुळगुळीत झाला होता.

“सातही आणल्यास?”

“सातही!”

“एकही राहिली नाही?”

“एकही नाही, बुवा!” ती नुसती फुलली होती.



चूल तडतडत होती. शलाका शाबासकीची वाट बघत होती. शाबासकी काही येईना.

तेवढ्यात देवळामागच्या वाटेने कुणीतरी उतरून आलं. डोक्यावर लाकडाची मोळी. वाडीवरची चांगुणा. पहाटे वर जाऊन सुकी लाकडं आणायची, हा तिचा रोजचा नेम. तिने मोळी धाडकन खाली टाकली आणि तिथेच बसली. कोपर खरचटून रक्त आलं होतं.

“बुवा… पानी.”

“टाक्यांत नाही का?” बुवांनी विचारलं.

“हाय की. पन खाली गेलंय. हात पुरत नाय.” तिला धाप लागली होती. “करवंटी कुनीतरी नेली. दुसऱ्या टाक्यावर गेले, तितं बी नाय. तिसऱ्याला पोटावर पडून हात घातला, तर सरकलेच आत. झुडूप हाताला लागलं म्हनून राह्यले.”

शलाकाची नजर करवंट्यांवर गेली.

“सासूच्या वक्तापासून बघतेय मी,” चांगुणा म्हणाली. “बुवा दरसाल रानातल्या सालीची नवी दोरी वळून बांधतात. आजवर कुनी हात लावला नव्हता बघा.”



शलाका उठली. माठावरचं झाकण काढलं. हाताला पहिला लागला तो टायटॅनियमचा पेला. तिने तो भरून चांगुणाला दिला. एका घोटात संपला. पुन्हा भरला. पुन्हा संपला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

“पेला छान हाय, ताई,” चांगुणा समजूत घातल्यासारखी म्हणाली. “लहान हाय.”

शलाकाने पेला खाली ठेवला. ढिगातली एक करवंटी उचलली, विसळली आणि काठोकाठ भरून पुढे केली. चांगुणाने दोन्ही हातांनी धरून ती एका दमात रिकामी केली. तोंड पुसलं. मग हातातल्या करवंटीकडे बघितलं. मग पायरीवरच्या ढिगाकडे.

“हीच की ती!” ती म्हणाली. “कुठं गावली?”

शलाकाने बुवांकडे पाहिलं. बुवांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते चुलीतली राख सारखी करत होते, जणू सकाळपासून तेच एक काम त्यांना होतं.

“मी नेली,” शलाका म्हणाली. “काल. सगळ्या मीच नेल्या. मला… कचरा वाटला.”

“कचरा?”

“हो.”

चांगुणा तिच्याकडे बघत राहिली. शलाकाला वाटलं, आता ही शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमच्यापाशी बाटली हाय ना,” चांगुणा एवढंच म्हणाली. मग उठून मोळी डोक्यावर घेऊ लागली. “माजी धाकली जाऊ दुपारी गवताला जायचीय. पोटुशी हाय. त्याच्या आदी तेवढ्या बांधा, ताई.”

ती गेली.

शलाकाचे कान तापले होते. रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ कुठे होता? दुपारच्या आत सात टाकी! तिने सॅक उपडी केली. तंबूची केशरी दोरी बाहेर काढली. बाजारातली सगळ्यात हलकी, तिने मोजून मोजून नेमक्या लांबीची ठेवलेली. चाकू काढून तिचे सात तुकडे केले. तंबू गेला तर गेला! एकेक करवंटी विसळली, भोकातून दोरी ओवली, गाठी मारायला लागली.

बुवा शेजारी येऊन बसले. तिची एक गाठ त्यांनी बोटाने ओढून बघितली. सुटली.

“अशी,” ते म्हणाले, आणि बांधून दाखवली. दोन वेढे, मग शेंडा खालून. तिने दुसरी तशीच बांधली. त्यांनी ओढून बघितली. नाही सुटली.

सातही झाल्या. तिने त्या रिकाम्या सॅकमध्ये भरल्या आणि सॅक पाठीवर घेतली. आत करवंट्यांचा खडखडाट झाला. वजनकाटा पायरीवरच राहिला. चार पेलेही तिथेच. तिचं लक्षही गेलं नाही.

“बुवा, मी जाते. पळतच जाते, दुपारच्या आत सगळ्या बांधते,” ती भराभर म्हणाली. “तुम्ही मला न्यायला नको. यंदाही नको, पुढच्या वर्षीही मी विचारणार नाही. भांडं आण म्हणालात, तर मी हे काय करून बसले! एक भांडंसुद्धा मला धड…”

ती वाटेकडे वळली.

मागून काठी टेकल्याचा आवाज आला. बुवा पायरी उतरत होते. खांद्यावर पंचा. ना बाटली, ना पेला, ना पिशवी. ते तसे का चालतात, हे आता शलाकाला कुणी सांगायला नको होतं.

“एक आण म्हटलं होतं,” बुवा तिला मागे टाकून पुढे जात म्हणाले. “तू सात आणलीस… चल.”