भरलेलं ताट

"पण बाई, रिपोर्टमध्ये सगळं जिथल्या तिथे आहे. मग तिला रितं का वाटतं?"

डॉक्टर उल्का सरंजामे मठाच्या ओवरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझारा घालत होती. बस म्हटलं तरी बसेना.

इंदूबाई खरे एके काळी मेडिकल कॉलेजात हार्मोन्सचा विषय शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठच्या या मठात राहायला आल्या आणि पंगतीला वाढू लागल्या. उल्का त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि ते कुणाला विसरू न देणारी. असे शिष्य गुरूकडे प्रश्न घेऊन येत नाहीत, दुजोरा घ्यायला येतात.

"कोण ती?" बाईंनी विचारलं.

"एक पेशंट. पन्नाशी उलटलीय, पाळी गेलीय. अंगाचा भडका उडायचा, रात्ररात्र झोप नसायची. मी इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. भडका थांबला, झोप लागली. आता म्हणते..." उल्का अडखळली. "नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. इच्छाच मेली. तो बिचारा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपतो."

"मग तू काय केलंस?"

"इच्छा जागवणारं टेस्टोस्टेरॉन तपासलं. बाईच्या अंगात जेवढं असावं तेवढं आहे. म्हटलं, हे मनाचे खेळ. नाहीतर गोळी वाढवून बघू."

बोलताना ती बोटातली अंगठी काढत होती, पुन्हा घालत होती. बाईंनी त्या अंगठीकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"आधी उत्तर द्या ना, बाई."

बाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. आमटीभात, घेवड्याची भाजी, वाटीत खीर. वासानं उल्काला कळलं, आपण सकाळपासून उपाशी आहोत. तिनं दोन्ही हातांनी ताट धरलं.

ताट येईना.

तिनं जरा ओढून पाहिलं. बाईंची बोटं काठावर घट्ट होती.

"बाई, सोडा ना."

"का? भरलेलं नाही?"

"भरलेलं आहे, पण..."

"मग जेव की."

उल्का ओढायची थांबली.

पोटात घेतलेली गोळी अंगभर पसरण्याआधी यकृतातून जाते. तिच्यामुळे यकृत हार्मोनला धरून ठेवणारी प्रथिनं जास्त बनवू लागतं. ती टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून बसतात. मग ते रक्तात असतं, रिपोर्टात दिसतं, पण शरीराच्या हाती लागत नाही. हे सगळं उल्का दर वर्षी कॉलेजातल्या पोरांना शिकवायची, आणि स्वतः मात्र एकूण आकडा पाहून निर्धास्त झाली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मोकळं किती आहे, ते मी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "गोळी वाढवली असती तर पकड आणखी वाढली असती."

"हं."

"गोळीऐवजी पट्टी देते. कातडीवर लावायची. ती आधी यकृतात जात नाही. पकड सैल होईल. होईल ना, बाई?"

"होईल कदाचित. रक्तातली." बाईंनी पुन्हा अंगठीकडे पाहिलं. "त्या बाईनं नवऱ्याला सांगितलंय?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे उल्काचं जन्माचं धोरण.

"नाही."

"का गं?"

"काय सांगणार? अख्ख्या गावाच्या बायकांना औषध देते ती, आणि घरात..."

उल्कानं जीभ चावली. फार उशीर झाला होता.

बाई हसल्या नाहीत. खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

उल्काचे डोळे भरून आले. स्वतःचा राग आला, बाईंचाही आला. भूक तर पोटात आग लावत होती. इतका वेळ ती ताट धरूनच उभी होती, बोटांना कळ लागेपर्यंत.

"आता तरी सोडा हो, बाई!"

बाई पदराला दोन्ही हात पुसत होत्या.

"मी केव्हाच सोडलंय."