शेजारचा रकाना

एकदा एका ग्रंथालयावर घर बदलण्याची वेळ आली. पोथ्या आपापल्या कपाटांत स्वस्थ होत्या. घर बदलायचे होते ते त्यांच्या नोंदींनी. प्रत्येक पोथीची छायाचित्रे आणि तिची माहिती, म्हणजे नाव काय, कर्ता कोण, काळ कोणता, मिळाली कुठून, हे सारे एका जुन्या संगणकप्रणालीत साठवलेले होते. ती प्रणाली करणाऱ्यांनी केव्हाच हात वर केले होते. उद्या ती बिघडली तर दुरुस्त करणारे कोणी उरले नव्हते. म्हणून सारा संग्रह नव्या प्रणालीत न्यायचे ठरले. नव्या नोंदींची मांडणी देशोदेशींच्या ग्रंथालयांनी मान्य केलेली होती. इथली पोथी कुणालाही कुठूनही सापडू शकणार होती. उद्घाटन झाले की जुनी प्रणाली कायमची पुसून टाकायची, असा बेत होता.

खर्च गावातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने उचलला होता. काम ग्रंथालयातल्या एका तरुण शिष्याकडे होते, आणि त्याच्यावर देखरेख होती वृद्ध ग्रंथपालांची. त्यांना सगळे गुरुजी म्हणत.

आता त्या जुन्या नोंदींविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्यांत एक रकाना असा होता, जो इतरत्र सहसा आढळत नाही. ग्रंथालयाच्या पहिल्या ग्रंथपालांनी तो आपल्या कागदी नोंदवहीत आखला होता, आणि तिथूनच तो जसाच्या तसा संगणकात आला होता. पोथीविषयी कोणतीही गोष्ट लिहिली की तिच्या शेजारी ते एक शब्द लिहीत. पोथीतच वाचले असेल तर ‘पाहिले’. पोथी देणाऱ्याने सांगितले असेल तर ‘ऐकले’. आणि दोन्ही नसून स्वतःच्या बुद्धीने जोडले असेल तर ‘अंदाज’. हे गृहस्थ त्या काळचे नाणावलेले विद्वान होते. त्यांनी छातीठोकपणे काहीही लिहिले असते, तरी शंका घेण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. तरीही आयुष्यभर ते हा शेजारचा रकाना इमानाने भरत राहिले. मला या माणसाविषयी अपार आदर वाटतो. ‘मला नक्की ठाऊक नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवणारा विद्वान शोधायचा तर दिवा घेऊनच निघावे लागेल.

शिष्यही काही कमी बुद्धीचा नव्हता. कोणता जुना रकाना नव्या मांडणीत कुठे बसेल, हे त्याने बारकाईने जुळवले आणि एक आज्ञावली लिहिली. शेजारच्या रकान्याला मात्र नव्या मांडणीत जोडीदार मिळेना. जुन्या माणसाची ती एक खाजगी सवय असावी, असे समजून त्याने तो सोडून दिला. आज्ञावली चालवली तेव्हा एकही नोंद अडली नाही, एकही अक्षर मोडले नाही. काम खरोखर देखणे झाले होते, आणि त्याला त्याचा अभिमान वाटला तर त्यात गैर काही नव्हते.

व्यापारी कौतुकाने पाहायला आला. त्याच्या आजोबांनी ग्रंथालयाला एक पोथी दिली होती. मसाल्यांचे औषधी गुण सांगणारी ती ओवीबद्ध पोथी त्याने नव्या प्रणालीत शोधली. पडद्यावर आले, ‘कर्ता : त्र्यंबकशेट’. हे नाव त्याच्या वंशावळीतले होते. पोथी घरातली आहे एवढेच त्याला माहीत होते. ती आपल्याच पूर्वजाने रचली, हे तो प्रथमच वाचत होता. त्याचे डोळे भरून आले. त्याने त्याच दिवशी संगमरवरी फलक सांगितला. उद्घाटनाला सगळ्या गावासमोर पूर्वजाचे नाव झळकणार होते.

गुरुजींच्या कानावर हे आले. त्यांनी शिष्याला बोलावले आणि एक चमत्कारिक काम सांगितले. नव्या प्रणालीत नेलेल्या साऱ्या नोंदी त्याने पुन्हा जुन्या मांडणीत परत आणायच्या, एका कोऱ्या प्रतीत.

शिष्य चक्रावला. घर हलवल्यावर तेच सामान पुन्हा जुन्या घरी कोण वाहून नेतो? त्यातून उद्घाटन तोंडावर आलेले. गुरुजींचे आता वय झाले, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण त्यांचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. धुसफुसत का होईना, त्याने उलटी आज्ञावली लिहिली आणि नोंदी परत आणल्या.

गुरुजींनी मूळ प्रत आणि परत आलेली प्रत शेजारी-शेजारी लावायला सांगितले. नावे परतली होती, काळ परतला होता, गावे परतली होती. एक रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा होता. मग गुरुजींनी व्यापाऱ्याच्या पोथीची मूळ नोंद उघडायला लावली. तिथे ‘कर्ता : त्र्यंबकशेट’ असेच होते, आणि शेजारी लिहिले होते, ‘अंदाज’.

नव्या मांडणीत त्याला जागाच नव्हती, आणि मी एकही शब्द चुकवलेला नाही, असे शिष्य हळू आवाजात म्हणाला.

“शब्द चुकला नाही, हे खरं,” गुरुजी म्हणाले. “काय पोचलं ते तिकडे गेल्यावर दिसतं. काय मागे राहिलं ते परत आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तुला परत यायला लावलं. पोथीच्या शेवटच्या पानावर नुसतं ‘त्र्यंबक’ आहे, पुढे काही नाही. आमच्या ग्रंथपालांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. कर्ता त्र्यंबकशेट असावा ही एक, आणि आपल्याला खात्री नाही ही दुसरी. तू पहिली नेलीस, दुसरी इथेच टाकलीस. आता वाचणारा समजेल, त्यांनी पाहून लिहिलं. जे ते कधी म्हणाले नाहीत, ते तू त्यांच्या तोंडी घातलंस. नव्या घरात देवाला कोनाडा नसेल तर पाडून घ्यावा, बाळ. देव बाहेर ठेवून संसार लावू नये.”

शिष्याची मान खाली गेली. कोनाडा पाडता येण्यासारखा होता. नव्या मांडणीत जादा रकाना जोडायची सोय होती, त्यानेच ती पाहण्याची तसदी घेतली नव्हती. अवघड होते ते वेगळेच. फलक कोरायला गेला होता. व्यापारी दुखावला आणि त्याने हात आखडता घेतला, तर नवी प्रणाली अर्ध्यावर राहणार होती, आणि जुनी तर शेवटच्या घटका मोजत होती. गप्प बसले तर कुणाला कळणारही नव्हते. शेठजींना कोण सांगणार, असे त्याने विचारले. नोंद कोणी नेली, एवढेच गुरुजींनी विचारले.

तो एकटाच व्यापाऱ्याच्या पेढीवर गेला आणि काही न लपवता सारे सांगितले. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे ते आमचे पूर्वज नव्हेत?”

“तसंही म्हणता येत नाही, शेठजी. असतील. पण तसं पाहिलेलं कोणी नाही.”

व्यापारी समोरच्या पोत्यातली मिरी उगाच बोटांत घोळवत राहिला. मग त्याने विचारले, अंदाज हा शब्द लिहिला कोणी? पहिल्या ग्रंथपालांनी, असे शिष्याने सांगताच त्याने एकदम वर पाहिले.

“म्हणजे ते हेच होय! आजोबांच्या तोंडी त्या पाहुण्याची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. पोथी न्यायला आले, आमच्याकडे जेवले, वंशावळ मागून घेतली. मग कागदावर काहीतरी लिहिलं, ते आजोबांना रुचेना. एक शब्द तेवढा खोडा म्हणून त्यांनी हात जोडले, तर पाहुणा ऐकेना. आजोबा भडकले, पोथी देत नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच ती ग्रंथालयात नेऊन दिली. म्हणायचे, माझ्या घरी जेवून जो माझी मर्जी राखत नाही, तो माझी पोथी नीट राखील. तो शब्द कोणता, ते आज कळलं.”

मग तो उठला आणि फलकाच्या कारागिराला निरोप धाडला, की दगडावरही ‘पोथी त्र्यंबकशेटांनी रचली असावी’ असेच कोरायचे.

उद्घाटन थोडे पुढे गेले. शिष्याने जादा रकाना जोडला, साऱ्या नोंदी पुन्हा नेल्या, पुन्हा परत आणून ताडून पाहिल्या. या वेळी मागे काही राहिले नाही. शेवटी त्याने व्यापाऱ्याच्या पोथीची नोंद उघडली आणि ती ग्रंथालयाला कशी मिळाली, ही आजोबांची हकिकत तीत लिहिली. गुरुजी मागे उभे होते. नोंद बंद करता करता शिष्य थांबला, शेजारच्या रकान्यात गेला आणि त्याने लिहिले, ‘ऐकले’.

आता जुनी प्रणाली पुसायला हरकत नाही, असे गुरुजींनी सांगितले.