कुमुदादेवीचा डोळा

धवलगडच्या राजाने कुमुदा नदीला बांध घातला, जलमहालापुढे तळं भरून घेतलं आणि खालच्या चितारआळीत रंग कालवायलाही नदीचं पाणी उरलं नाही. लोक गाऱ्हाणं घेऊन गेले. राजा म्हणाला, "नदी माझ्याच डोंगरात जन्मली. माझी आहे. मी घरात ठेवून घेतली तर तुमचं काय गेलं?"

आणि गंमत बघा, याच राजाला याच नदीचं चित्र हवं होतं! पौर्णिमेला सासरेबुवा येणार होते, त्यांना दाखवायला. त्याने म्हाताऱ्या भानजी चिताऱ्याला बोलावलं. "वीतभर कागदावर कुमुदादेवी काढ. मगरीवर बसलेली, हातात कलश. तिची नजर माझ्यावर हवी, आणि ती प्रसन्न हवी. नाही जमलं तर आळी रिकामी करा."

भानजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "नदी कोंडायची याने आणि देवी प्रसन्न करायची मी?"

घरात रंग घोटायचं काम त्याच्या सुनेकडे, ठकूकडे होतं. हातातला बत्ता न थांबवता ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही देवी काढा. मान तेवढी मागे वळलेली दाखवा आणि डोळा काढू नका. त्याचं मी बघते."

पौर्णिमेला दरबार भरला. राजाशेजारी सासरेबुवा बसले होते. ठकूने चित्रावरचं फडकं दूर केलं. मगर पुढे निघाली होती आणि तिच्यावर बसलेली कुमुदादेवी मागे वळून बघत होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, गळ्यात शंख घोटून केलेल्या पांढऱ्या रंगाचे टपोरे मोती. फक्त डोळ्याची जागा कोरी.

राजा भडकला. "आंधळी देवी आणलीस?"

"आंधळी नाही सरकार, डोळा उघडायचा राहिलाय. आमच्यात तो सगळ्यात शेवटी काढतात. नदीच्या देवीचा असेल तर काजळ त्याच नदीच्या पाण्यात कालवायचं. आता घाटावर नदीच नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"एवढंच ना? माझ्या तळ्यातलं घे तांब्याभर."

"घेतलं असतं. पण ते पाणी आपलं, असं आपणच सांगितलंत. आपल्या पाण्यात काजळ कालवलं आणि देवीला आपल्यासारख्या मिशा फुटल्या तर?"

दरबारात एकाएकी पुष्कळांना खोकला आला. सासरेबुवा मात्र उघड हसले. राजाचा हात नकळत मिशीवर गेला.

"जीभ आवर. आळी सोडून जायचंय का?"

"नाही जायचं, म्हणून तर विचारते. ही देवी निघालीय कुठे?"

"नदी कुठे जाणार? समुद्राकडे."

"म्हणजे सासरी. आणि जन्मली आपल्या डोंगरात. मग आपण तिचे कोण, सरकार?"

उत्तर सासरेबुवांनी दिलं. "बाप! आणि जावईबापू, मीही माझी लेक घरात ठेवून घेतली असती, तर आज तुम्ही कुणाचे जावई असता?"

ठकूने चित्र राजासमोर धरलं. "सासरी निघालेली लेक वळून बघते ती बापाकडेच. मामंजींनी मान वळवलीय ती आपल्यासाठी. पण जिची वाटच अडवलीय, ती बापाकडे प्रसन्न होऊन कशी बघेल? तिची पाठवणी करा. डोळा मी लगेच काढते."

राजा चित्राकडे बघत राहिला. एकदा सासऱ्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे. मग हुकूम सुटला, "बांध फोडा."

दुपार कलली तेव्हा चितारआळीच्या घाटाला पाणी लागलं. राजा स्वतः तिथे आला होता. ठकूने ओंजळभर पाणी घेतलं, काजळ कालवलं आणि खारीच्या केसांच्या कुंचलीने एकाच फटक्यात देवीचा डोळा उघडला. देवी राजाकडे बघून हसल्यासारखी दिसली.

राजाने चित्र डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने तपासलं. "मिशा नाही फुटल्या."

"कशा फुटतील? लेक आईवर गेलीय!"

राजा इतका हसला की त्याचा फेटा सुटला. त्याने तोच जरीचा फेटा ठकूच्या पदरात घातला आणि चितारआळी पिढ्यान्‌पिढ्या चिताऱ्यांच्या नावे करून दिली.